मदत हवी आहे: ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते आणि पुढून 'टक्' आवाज येतो. दोष कॅलिपरचा (चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग), होजचा (ब्रेक ऑइलची रबरी नळी) की लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा)?

गाडी 15 वर्षं जुनी, पेट्रोल हॅचबॅक, 1,30,000 किमी झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. पुढचं सस्पेन्शन नेहमीचं मॅकफर्सन स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात). घरातले सगळे याच गाडीवर चालवायला शिकले, त्यामुळे ती काढून टाकायची नाही, नीट करायची आहे.

त्रास दोन आहेत आणि ते एकमेकांत असे गुंतलेत की कशामुळे काय होतंय तेच उलगडत नाही.

पहिला. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. गाडी थंड असताना जवळजवळ सरळ थांबते. पंधरा-वीस किलोमीटर झाले की ओढ वाढते, आणि मग ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी मोकळी सुटत नाही, कुणी मागून पदर धरून ठेवल्यासारखी. परवा थांबल्यावर पुढच्या दोन्ही रिमजवळ हात नेऊन पाहिला. उजवी कोमट होती. डावीजवळ हात धरवेना आणि जळका वास येत होता. खरं सांगते, घाबरले.

दुसरा. हळू चालवताना ब्रेक लावला की पुढे डावीकडून एकदाच 'टक्'. लगेच पुन्हा ब्रेक लावला तर येत नाही. रिव्हर्समध्ये जाऊन ब्रेक लावला की पुन्हा एकदा 'टक्'. म्हणजे दिशा बदलली की येतो. खड्ड्यातून जाताना मात्र फारसा आवाज नाही.

आतापर्यंत काय केलं: गाडी जॅकवर उचलून, स्टँड लावून, मागच्या चाकांना अडण ठेवून डावं चाक काढलं. आतला पॅड 3 मिमी उरला होता, बाहेरचा 7 मिमी. कॅलिपरची खालची स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) हाताने हलेना, पान्याने फिरवत फिरवत काढावी लागली. तिच्यावरचं ग्रीस वाळून काळ्या डिंकासारखं झालेलं, रबरी बूट फाटलेला. दोन्ही बाजूंच्या पिना साफ केल्या, रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस लावलं, बूट आणि पॅड नवीन टाकले. कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन आत ढकलताना फार अडला नाही. दोन दिवस गाडी छान थांबत होती, तिसऱ्या दिवशी लांबचा फेरा झाला आणि ओढ पुन्हा सुरू.

चाक उचललेलं असताना वर-खाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. खेळ जाणवला नाही. पण पहारीने लोअर आर्म रेटला तर मागच्या बुशापाशी (आर्मच्या जोडातलं रबरी अस्तर) तो सरळ सरळ पुढे-मागे होतो, आणि बुशाच्या रबराला भेग दिसते.

गॅरेजमध्ये विचारलं तर चाकही न उचलता सांगितलं, दोन्ही कॅलिपर, डिस्क, शॉकअप, सगळं बदला. सगळं बदललं की काहीतरी बरं होईलच, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही, आणि ज्या गाडीत घरची माणसं बसतात तिच्याबाबतीत मला ते कळायला हवं आहे.

पिना मोकळ्या झाल्यावरही चाक का तापतंय? ओढ बुशामुळे असू शकते का? आणि आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद

ताई, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून सांगणं सोपं आहे. हे दोन वेगळे दोष आहेत, पण दोन्ही गाडीला डावीकडेच नेतात.

'टक्' बुशाचा. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, फाटलेल्या बुशातून आर्म सरकतो आणि ठोका बसतो. रिव्हर्समध्ये तोच उलट. सरकताना चाकाचा कोनही बदलतो, त्यामुळे थोडी ओढ त्याचीही आहे. पण बुशामुळे चाक तापत नाही. तापतं म्हणजे पॅड सुटत नाहीत.

माझा संशय रबरी होजवर आहे. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगतो. पायाचा जोर लागला की ऑइल कॅलिपरकडे जातं, पाय काढला की परत येत नाही. खात्री करायची तर गाडी फिरवून आणा, चाक जड झालेलं असतानाच उचला, आणि क्रम चुकवू नका. आधी होज जिथे लोखंडी पाइपला जुळतो तो जोड थोडा सैल करा. चाक मोकळं फिरू लागलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप). नाही सुटलं तर जोड आवळा आणि कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (ऑइल बाहेर सोडायची छोटी तोटी) उघडा. आता सुटलं तर होज. तरीही नाही सुटलं तर पिस्टन अडकलाय.

डिस्क आणि कॅलिपर थोडे निवू द्या, चष्मा घाला. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. जोड उघडल्यावर ब्लीडिंग, म्हणजे पाइपांतली हवा काढणं, केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. तोवर लांब जाऊ नका. ऑइल उकळलं की पेडल खाली जातं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आज केलं. वीस किलोमीटर फिरवून आणली, उचलली, चाक दोन्ही हातांनी जेमतेम फिरत होतं. वरचा जोड सैल केला, काही फरक नाही. निपल उघडल्याबरोबर ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं!

दोन्ही बाजूंचे होज बदलले. ऑइल चहासारखं काळपट झालं होतं, तेही पूर्ण बदलून डॉट 4 दर्जाचं भरलं, चारही चाकांचं ब्लीडिंग केलं. डावा जुना होज कापून पाहिला. ब्रॅकेटच्या पट्टीखाली गंज साचून त्याने रबर आवळलं होतं, भोक सुईएवढं उरलेलं. उजव्याचं भोक बरंच मोकळं होतं.

तेवढंच अंतर पुन्हा चालवलं. दोन्ही रिम सारख्याच कोमट. ब्रेक लावताना ओढ अगदी थोडी उरली आहे, 'टक्' तसाच आहे. तुमचे मनापासून आभार. आता आर्म. नुसतं नवं बुश दाबून बसवून घेऊ की पूर्ण आर्म घेऊ?

प्रतिसाद

बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) आर्मलाच बसवलेला असेल तर पूर्ण आर्म घ्या, तोही 15 वर्षांचाच आहे. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एक गोष्ट बरेच जण चुकवतात: बुशाचे बोल्ट चाक लोंबकळत असताना शेवटचे आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग आवळा. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच धरलं जातं आणि नवं बुशही लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. आधी करून उपयोग नाही.