मराठी वाचायला ई-रीडर: सॉफ्टवेअर कंपनीचं की केओरीडर?

अर्धविराम

ई-रीडर घेताना लोक स्क्रीन किती इंची, बॅटरी किती टिकते, किंमत किती, एवढंच विचारतात. आत पुस्तक उघडणारं सॉफ्टवेअर कुठलं, हे कोणी विचारत नाही. मराठी वाचणाऱ्याने आधी तेच विचारावं असं माझं ठाम मत आहे, आणि माझं मत केओरीडरला, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी वेगळं बसवता येणाऱ्या वाचन-सॉफ्टवेअरला. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, कोबो, पॉकेटबुक, किंडल हे ई-रीडर आणि अँड्रॉइड, सगळीकडे चालतं. फाइलचा प्रकार कुठलाही असो, ईपब, पीडीएफ, डीजेव्हीयू, मोबी, सीबीझेड, साधी टेक्स्ट फाइल, काहीही टाका, उघडतं.

आता मराठीचाच आग्रह का? किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं आली तीच २०१६च्या डिसेंबरात. कथा-कादंबऱ्यांचं ठीक चाललंय. पण जुनी मासिकं, गॅझेटियर, ज्ञानकोशाचे खंड, संशोधन मंडळांची त्रैमासिकं हे सगळं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पडून आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे स्कॅन पाहिले असतील तर माहीत असेल: पान तिरकं, कडेला काळी पट्टी, मजकूर फिकट. सहा इंची रीडरची स्क्रीन भरते साधारण ३.६ बाय ४.८ इंच. त्यावर साडेपाच बाय साडेआठचं डेमी पान बसवलं की अक्षर औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराएवढं होतं. मग मोठं करा, सरकवा, पान उलटा, पुन्हा मोठं करा.

केओरीडरमध्ये समास एकदा कापायचा. सम आणि विषम पानांना वेगळा कापता येतो, कारण जुन्या बांधणीत शिवणीकडची जागा दर पानाला बाजू बदलते. कॉन्ट्रास्ट चढवला की फिकी शाई काळी दिसते. रीडर आडवा धरून रुंदीला बसवलं की अर्धं अर्धं पान वाचता येतं. हे सगळं त्या त्या पुस्तकापुरतं लक्षात राहतं. रीफ्लो चालू केला तर पानाच्या चित्राचे शब्दाशब्दांनी तुकडे करून ते नव्या ओळींत मांडतो. अक्षरओळख वगैरे काही नाही, चित्रच. शिरोरेखेने शब्द सलग बांधलेला असल्यामुळे देवनागरीत हे बऱ्यापैकी जमतं. स्कॅन फारच तिरका असेल तर मात्र वेलांट्या वरच्या ओळीला चिकटतात.

करा सुरुवात.

काकाकुवा

साफ असहमत.

त्याचा मेनू बघितलाय का कुणी? मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू. आमच्या घरी नवऱ्याने हौसेने बसवलं. तेव्हापासून ओळींमधलं अंतर, फॉन्टची जाडी, तळपट्टीत काय दिसावं, हेच चाललंय. पुस्तक अजून पहिल्या प्रकरणात. वाचन कमी आणि मशागत फार.

आणि तुम्ही सोयीस्करपणे गाळलेली गोष्ट: दुकानातून पैसे देऊन घेतलेलं, कुलूप (दुसरीकडे उघडू न देणारी तांत्रिक अडवणूक) लावलेलं पुस्तक तुमच्या या केओरीडरमध्ये उघडतच नाही. मी पुस्तक घेते, ते लगेच रीडरवर येतं. त्याच खात्यावरून बाबांच्या रीडरवरही येतं, त्यांना हव्या त्या मोठ्या अक्षरात. त्यांना समास कापायला शिकवू? ज्यांना १९३०चं त्रैमासिक वाचायचंय अशी किती माणसं आहेत?

अर्धविराम

बाबांसाठी तुमचंच बरोबर, त्यात वाद नाही. पण दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं असं कुणी सांगितलं? कोबोवर मूळ सॉफ्टवेअर जागेवरच राहतं. विकत घेतलेलं तिकडे वाचा, स्कॅन इकडे. बाहेर पडलं की पुन्हा कंपनीची स्क्रीन.

आणि १९३०चं त्रैमासिक वाचणारे थोडे आहेत म्हणूनच त्यांच्यासाठी कुठली कंपनी काही करणार नाही.

दौंड पॅसेंजर

दोघंही पाचशेची नोट शोधताय असं वाटतं, खिशात सुट्टे असताना. ई-रीडर हवाच कशाला? मी रोज लोकलसारख्या भरलेल्या गाडीत उभ्याने वाचतो. एक हात वरच्या कडीला, एका हातात फोन. फोनवर मून रीडर आहे, एफबीरीडर आहे, केओरीडरसुद्धा आहे. एफबीरीडर तर २००५पासून, म्हणजे किंडल जन्माला यायच्या आधीपासून, हातात मावणाऱ्या यंत्रांवर चालतंय. वेगळं यंत्र, वेगळा चार्जर, वेगळं कव्हर, हा श्रीमंती थाट आहे.

शिरोरेखा

खिडकीची जागा मिळाली आणि ऊन आलं की फोनचं काय होतं ते सांगा! तिथे ई-रीडरची कागदासारखी ई-इंक स्क्रीनच कामाला येते. आणि फोनवर तिसऱ्या परिच्छेदाला सोसायटीच्या ग्रुपवरून टँकरचा मेसेज येतो, तो वेगळाच.

पण मला धागाकर्त्याशी भांडायचंय ते शब्दकोशावरून. मी भाषांतराचं काम करते, दिवसभर कोश उघडा असतो. केओरीडर स्टारडिक्ट प्रकारचे कोश घेतं, त्यात मोल्सवर्थही टाकता येतो. १८५७च्या आवृत्तीतला कोश बोटाखाली, म्हणून मी खुश. शब्दावर बोट दाबून धरलं. शब्द होता ‘घोड्याच्या’. उत्तर: सापडला नाही. कसा सापडणार? कोशात आहे ‘घोडा’. इंग्रजीला फार तर शेवटचा ‘एस’ काढायचा. आपल्याकडे सामान्यरूप, त्यावर विभक्ती, त्यावर शब्दयोगी अव्यय. शोधलेला शब्द खिडकीत बदलता येतो, खरंय. ‘घरातल्यांना’ असेल तर मागचं खोडून ‘घर’ उरतं. ‘घोड्याच्या’ला खोडून भागत नाही, ‘डा’ टाइप करावा लागतो. ई-इंकच्या कीबोर्डवर मधल्या चौकटीत एक अक्षर टाइप करून बघा, मग बोलू.

तुमच्या लाडक्या स्कॅनमध्ये तर कोश नाहीच, कारण तिथे शब्दच नाही, नुसतं चित्र. आणि नव्या पीडीएफचं म्हणाल तर जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांत जुळवलेल्या फाइली डोळ्यांना मराठी दिसतात, आतून रोमन अक्षरांची खिचडी. शोध घ्या, काही सापडणार नाही.

अर्धविराम

हे मान्य. पण हा दोष फाइलीचा आणि कोशाचा. कंपनीच्या सॉफ्टवेअरातही ‘घोड्याच्या’ चालत फिरत घोड्यापर्यंत जात नाही. मराठीचा शब्दमूळ शोधणारा तुकडा कुणी लिहिला तर तो जोडता येईल असं यापैकी एकच सॉफ्टवेअर आहे, कारण त्याचाच कोड उघडा आहे. लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलंय, ती फार अवघड नाही.

कुलूप नसलेल्या ईपबमध्ये अक्षराची चैनही आहे. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट टाका. ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत.

शिरोरेखा

किंडलवरही स्वतःचा फॉन्ट टाकता येतो. हा मुद्दा तुमच्या खात्यातून वजा.

छापील

प्रकाशन व्यवसायात आहे, त्यामुळे मला हा धागा वेगळ्या कारणाने खुपतोय. ‘काहीही टाका, उघडतं’ हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत. टाकायला येतं कुठून, ते लिहिलं नाहीत. त्रैमासिकं पुढे करायची आणि प्रत्यक्षात ग्रुपांवर फिरणाऱ्या कालपरवाच्या कादंबऱ्या वाचायच्या, हे मी रोज बघतो.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून मोकळं आहे, विकिस्रोतावर जे चढलंय ते तिथून ईपब करून खुशाल वाचा. पु. ल. २००० साली गेले. त्यांचा हक्क २०६०अखेरपर्यंत आहे. त्यांची पीडीएफ तुमच्या रीडरमध्ये असेल तर समास कितीही सुबक कापा, ती चोरीच.

अर्धविराम

चोरीचं समर्थन कोणीच करत नाहीये. पण मग विकत घेणाऱ्याच्या हातात काय पडतं तेही बोला. २००९मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या परस्पर काढून घेतल्या. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलंच. २०२५च्या फेब्रुवारीत विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने टाकायची सोय बंद केली. बऱ्याच मराठी ई-पुस्तकांच्या दुकानांत पुस्तक त्यांच्याच ॲपात उघडतं. उद्या ॲप बंद पडलं तर मी कुणाच्या दारात जाऊ?

कुलूप न लावलेलं ईपब विका, खरेदीदाराचं नाव आत छापा. मी पहिला गिऱ्हाईक.

छापील

एका लेखिकेच्या पुस्तकाला तसंच केलं होतं. दोनच दिवसांत ते ग्रुपवर, नाव छापलेलं पान तेवढं काढून. तिला मानधन किती गेलं ते इथे लिहायची लाज वाटते. तुमच्यासारखे प्रामाणिक शंभर असतील, पण हजाराची आवृत्ती शंभरांवर निघत नाही.

काकाकुवा

छापील यांना +१. आणि ‘किंडलवर चालतं’ हे अर्धसत्य आहे. त्यासाठी जेलब्रेक करावा लागतो, म्हणजे कंपनीने यंत्रालाच घातलेलं कुलूप फोडावं लागतं. तो यंत्राच्या कुठल्या फर्मवेअरवर (मूळ सॉफ्टवेअरवर) चालेल आणि कुठल्या अपडेटने बंद होईल याचा नेम नाही. नवखं माणूस हा धागा वाचून आज किंडल मागवेल आणि उद्या व्हिडिओ बघत बसेल. हे वर ठळक लिहा.

अर्धविराम

रास्त. लिहितोच: केओरीडरसाठी म्हणून यंत्र घेत असाल तर किंडल घेऊ नका. कोबो किंवा पॉकेटबुकवर फाइल कॉपी करून भागतं, कुलूप फोडावं लागत नाही. ही यंत्रं आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, दुरुस्तीचीही पंचाईत, हेही त्यातच आलं. नुसत्या विकतच्या कादंबऱ्या वाचत असाल तर काकाकुवांचं ऐका. आणि स्कॅनच वाचायचे असतील तर सहा इंचाच्या मोहात पडू नका, साडेसात-आठ इंची बघा.

छापील, तुमचा प्रश्न मात्र सॉफ्टवेअरने सुटणारा नाही. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

दौंड पॅसेंजर

एवढं सगळं वाचून फोनवरच केओरीडर टाकलं, खर्च शून्य. आता सांग भाऊ, जुने दिवाळी अंक दोन कॉलमांत असतात. रीफ्लो केलं की डाव्या कॉलमची ओळ संपून उजव्यात घुसतं. कथेत मधेच पाककृती येते.

अर्धविराम

रीफ्लो बंद कर. झूममध्ये कॉलम निवड, संख्या दोन दे. म्हणजे डावा कॉलम वरून खाली, मग उजवा, मग पुढचं पान. कॉलमांच्या मधे चित्र घुसलेलं असेल तिथे चुकतं, तेवढं पान पूर्ण उघडून बघ.