मदत हवी आहे: दुबईत बुर्ज खलिफा की दुबई फ्रेम? सोबत ७१ वर्षांचे वडील

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आई-अण्णांना आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन दुबईला निघालोय. चार रात्री. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून विमान. व्हिसा, हॉटेल सगळं झालंय. अडलंय एकाच गोष्टीवर: उंचावरून शहर बघायला कुठं चढायचं? टूरवाले म्हणतात, बुर्ज खलिफाच घ्या, दुबईला जाऊन तो नाही केला तर लोक हसतील. चौघांची तिकिटं धरली तर माझ्या भिशीच्या पैशात हे एकदाच परवडणार आहे. म्हणून नीट विचारून ठरवायचंय.

आता अण्णांबद्दल थोडं सांगते, त्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

अण्णा १९९१ ते १९९८ दुबईत इलेक्ट्रिशियन होते. जिंतूर तालुक्यातली कोरडवाहू जमीन, दोन बहिणींची लग्नं व्हायची, म्हणून गेले. करामा भागात एका खोलीत सहा जण राहायचे. दोन वर्षांतून एकदा गावी यायचे. कायमचे परत आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि पहिले काही दिवस मला त्यांच्याशी बोलायला लाज वाटायची. तिकडचं ते फारसं काढत नाहीत. पण रेशनकार्ड ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात १०० दिरहामची एक नोट अजून आहे, घडीवर विरलेली. एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला उंच इमारत. ही कुठली म्हणून मी विचारलं होतं, तर म्हणाले, "ट्रेड सेंटर हाय. तव्हा त्याच्याएवढं उंच तिथं दुसरं काहीच नव्हतं. वाट चुकलो की त्याच्याकडं बघायचो."

ती इमारत १९७९ची, ३९ मजली, १४९ मीटर उंच. बुर्ज खलिफा २०१०मध्ये उघडला, ८२८ मीटरचा. म्हणजे अण्णा ज्या शहरात राहिले त्यात बुर्ज नव्हताच.

मी वाचून वाचून जेवढं जमवलंय ते असं. बुर्जवर १२४व्या मजल्यावरची गच्ची ४५२ मीटरवर आहे. १४८व्या मजल्यावरची ५५५ मीटरवर, पण तिचं तिकीट आमच्या आवाक्याबाहेर. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट १२४व्यालाही चढं असतं. पाम जुमेराहवरच्या टॉवरच्या ५२व्या मजल्यावरून, २४० मीटरवरून, समुद्रातलं ते खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट दिसतं. तो आकार खाली उभं राहून कळतच नाही, त्यामुळे ती जागा मलाही खुणावते. मुलाला हवंय स्काय व्ह्यूज, कारण तिथं इमारतीच्या बाहेरून काचेची घसरगुंडी आहे. आणि चौथी दुबई फ्रेम: झबील पार्कमध्ये तसबिरीच्या चौकटीसारखी उभी, २०१८पासून खुली. वरच्या पुलावर एका अंगाला जुनी दुबई दिसते, दुसऱ्या अंगाला नवी. तिकीट ५० दिरहामच्या आसपास, बुर्जच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. उंची १५० मीटर. हा आकडा वाचला आणि मला ती नोट आठवली.

माझा जीव फ्रेमकडं ओढतोय. अण्णांची एक सवय मला माहीत आहे. मी सातवीत असताना येलदरी धरणाच्या भिंतीवर त्यांनी मला उभं केलं होतं. सगळे पाण्याकडं बघत होते आणि अण्णा मात्र माझी हनुवटी धरून उलट्या दिशेला वळवत होते. "ते लिंबाचं झाड दिसतंय का? त्याच्या उजव्या अंगाला देवळाचा कळस. तिथून खाली ये. आता आलं का आपलं गाव?" मला झाडच सापडेना, तरी मी हो म्हटलं. उंचावर गेलं की ते आधी आपलं काय दिसतं ते शोधतात. या खेपेलाही मी बुर्जचे फोटो दाखवले, तर एवढंच म्हणाले, "तिथून आमची बिल्डिंग दिसती का ते बघ."

म्हणून तिकडं राहणाऱ्यांना किंवा दोन्ही ठिकाणी चढलेल्यांना माझा सरळ प्रश्न आहे: करामातली चार मजली जुनी इमारत कुठून ओळखू येईल? दुसरं, अण्णांचे गुडघे. दोन वर्षांपूर्वी देवगिरी किल्ल्यावर ते अंधारीच्या, म्हणजे त्या काळोख्या भुयाराच्या, अलीकडंच बसले आणि आम्हाला म्हणाले, तुम्ही बघून या. तासभर रांगेत उभं राहणं त्यांना जमणार नाही, पण जमत नाही असं ते तोंडाने म्हणणारही नाहीत. तिसरं, आईला खोल बघवत नाही. देवगिरीच्या खंदकावरचा पूल तिने माझा दंड धरून, डोळे मिटून ओलांडला. काचेच्या जमिनीवर तिचं काय करायचं?

कृपया अनुभवाचं सांगा. जाहिरातीतलं सगळं वाचून झालंय.

---

ताई, मी नांदेडचा, अकरा वर्षं इथं आहे. घरचे आले की दोन्हीकडं घेऊन जातो, त्यामुळे बिनधास्त सांगतो: अण्णांसाठी फ्रेम.

बुर्जपासून करामा साधारण सहा किलोमीटर. साडेचारशे मीटरवरून तिकडं बघितलं तर चार मजली इमारत म्हणजे ज्वारीचा दाणा. फ्रेमपासून करामा एक-दीड किलोमीटरवर. जुन्या बाजूच्या काचेशी उभं राहिलं की आधी करामाच येतं, मग बर दुबई, खाडी, देरा. रस्ते, गच्च्या, टाक्या मोजता येतात. पाठ फिरवली की शेख झायेद रोड, ट्रेड सेंटर आणि मागे अख्खा बुर्ज. मुलालाही बुर्ज तिथून पूर्ण बघायला मिळेल.

वेळ दुपारी साडेतीनची घ्या. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि तोही नैर्ऋत्येला, म्हणजे नव्या दुबईच्या बाजूला. त्यामुळे दुपारनंतर करामावर समोरून ऊन पडतं, भिंतींचे रंगसुद्धा कळतात. बुर्जकडं त्या वेळी डोळ्यांवर येतं, तिकडचं दिवे लागल्यावर बघा. सकाळी लवकर नको, हिवाळ्यात कधीकधी धुकं असतं.

गुडघ्यांचं म्हणाल तर फ्रेममध्ये वर जायला लिफ्टच आहे. बुर्जची लिफ्टही मिनिटभरात वर नेते, पण तिथं लिफ्टपर्यंत पोचण्यातच दम निघतो. मेट्रो स्टेशनपासून मॉलपर्यंतचा जोडपूलच आठशे मीटरच्या वर आहे. सरकते पट्टे आहेत, तरी पुढं मॉलमधलं चालणं, मग रांग. जायचंच असेल तर टॅक्सीने मॉलच्या दारापर्यंत जा. खालचं कारंजं बघायला तिकीट लागत नाही.

काकूंची काळजी करू नका. फ्रेमच्या पुलावर काच मधल्या पट्ट्यात आहे, कडेने साधी जमीन आहे. माझी आई कडेकडेने पूर्ण पूल चालली.

आणि एक करा. खाली उतरल्यावर अण्णांना बर दुबईहून देऱ्याला अब्राने न्या. खाडी ओलांडायला अजूनही माणशी १ दिरहाम पडतो. त्यांनी ती नाव नक्की वापरली असणार.

---

दादा, खूप आभार. तुमचं उत्तर मी संध्याकाळी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. अब्राचं ऐकल्याबरोबर म्हणाले, "आमच्या येळंला पन्नास फिल्स होते," म्हणजे अर्धा दिरहाम, आणि मग तासभर बोलत राहिले. दर शुक्रवारी देऱ्याला भाजी आणायला कोण जायचं, गावाला फोन लावायला रांग कशी असायची, सगळं. आईनेही यातलं बरंचसं पहिल्यांदाच ऐकलं.

तर फ्रेम ठरली, बुधवारी साडेतीनची. बुर्ज पॅकेजमधून काढायला सांगितलाय, त्या पैशात मुलाची घसरगुंडी बसते.

अण्णांनी वहीच्या पानावर त्यांच्या गल्लीचा नकाशा काढून दिलाय. मशीद, तिच्या मागे इस्त्रीवाल्याचं दुकान, त्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्याची खिडकी. इमारत अजून उभी आहे की पाडली, हे वर जाण्याआधी मला कळायला हवं. नसेल तर मी त्यांना आधीच सांगेन, काचेशी उभं राहून शोधत राहायला नको. पानाचा फोटो तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. कधी त्या बाजूने जाणं झालं तर एकदा बघाल का? आणि वर दुर्बीण नेऊ देतात का, तेही सांगा.