मदत हवी आहे: डार्क-फील्डखाली खाडीतले बॅक्टेरिया पोहता पोहता थांबतात

रत्नागिरीत बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी भाट्याच्या खाडीच्या पाण्यातल्या बॅक्टेरियांच्या पोहण्याचा वेग मोजतोय. कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप, ४०एक्स लेन्स. कंडेन्सरखाली (स्लाइडखालचं, प्रकाश एकवटणारं भिंग) काळ्या कागदाची गोल चकती लावून डार्क-फील्ड केलंय, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर बॅक्टेरिया चमकताना दिसतात, आयपीसवर मोबाईल, सेकंदाला ३० फ्रेम. शेपट्या दिसणार नाहीत हे माहीत आहे (जाडी जेमतेम २० नॅनोमीटर), मला फक्त ठिपक्यांचा माग हवाय.

सुरुवातीला मस्त सुळकन पळतात. तीन-चार मिनिटांत मात्र बहुतेक नुसते जागच्या जागी थरथरतात, म्हणजे ब्राउनियन हालचालच (पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी थरथर) उरते.

आधी हॅलोजनच्या उष्णतेवर संशय होता म्हणून पांढरा एलईडी लावला. फारसा फरक नाही. कव्हरस्लिपच्या (थेंबावर ठेवायची पातळ काच) कडा व्हॅसलिननं बंद केल्या, त्यानं पाण्याचा ओघ थांबला, पण बॅक्टेरिया आणखी लवकर थांबले. दिवा बंद ठेवून पाच मिनिटांनी पाहिलं तरी मधले थांबलेलेच. हवेच्या बुडबुड्याच्या कडेला मात्र जत्रा भरलेली! म्हणून ऑक्सिजन संपतोय असं वाटतं. पण एलईडी पूर्ण प्रखर केला की बुडबुड्याजवळचेही मंदावतात. तीव्र निळ्या प्रकाशानं ई. कोलाय हा बॅक्टेरिया गटांगळ्या खाऊन थांबतो, तसंच काही असेल का?

पाणी त्याच सकाळचं, मीठ बदललेलं नाही. लेसर, फ्लुओरेसन्स नाही. खर्च हजाराच्या आत.

निळा प्रकाश अडवायला एलईडीवर लाल जिलेटिन पेपर लावला तर डार्क-फील्डमध्ये मोबाईलला पुरेसा उजेड मिळेल का? आणि व्हॅसलिनऐवजी कडा कशानं बंद कराव्यात, की हवाही मिळेल आणि पाणीही वाहणार नाही?