मदत हवी आहे : माल उतरवण्याच्या प्रतीक्षेचा वेळ कामाच्या तासांत धरतात का?

माझा धाकटा भाऊ सोलापुरातील एका वाहतूकदाराकडे ट्रकचालक असून चिंचोली एमआयडीसीतून पुणे व हैदराबादच्या फेऱ्या करतो. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्यासाठी मंजुरीने १० व ५४ तास आणि ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी तरतूद होती. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ९१ याच कायद्याचा आधार घेते. मालक मात्र केवळ चाक फिरते तेवढाच वेळ मोजतात. परवा भाऊ कारखान्याच्या फाटकाबाहेर, रांग पुढे सरकेल म्हणून न झोपता, सहा तास थांबला आणि लगेच परतीला निघाला. मला त्याची फार काळजी वाटते.

मालकांशी दोनदा बोललो, उपयोग झाला नाही. भावाने खिशातल्या डायरीत वेळा लिहिल्या आहेत, फास्टॅगचे संदेशही जपले आहेत. नेमणूकपत्र नाही, पगार रोखीने मिळतो. चार चालक व दोन क्लीनर आहेत. नोकरी टिकवणे आवश्यक आहे.

हा १९६१ चा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेल्यामुळे, अशी प्रतीक्षा आता कामाचे तास म्हणून धरली जाते का, आणि किमान पाच कामगार असतील तरच तो कायदा लागू होई, त्या जुन्या अटीत क्लीनर मोजले जात होते का?