एग फ्रीजिंग म्हणजे ‘मुलींचे लाड’? मग ऐकाच

मिहानवाली:
काल इथे एका काकांची पोस्ट होती: ‘रामदासपेठेत आता अंडी गोठवायची दुकानं निघालीत. मुलींना पंचविशीत लग्न नको, करिअर पाहिजे, आणि चाळिशीत मूल पाहिजे. हे सगळे आईबापांनी केलेले लाड.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दिवसभर डोकं भणभणत होतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी तेहेतीस वर्षांची आहे. लग्न नको असं मी कधीच म्हटलं नाही. स्थळं येतात, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळली तर पगारावर अडतं, पगार पटला तर ‘मुलगी नोकरी सोडेल का’ यावर. त्यात वर्षं जातात, आणि ती कोणी परत देत नाही. म्हणून मी माझी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवली. लाड म्हणता? दहा-बारा दिवस रोज पोटात सुई, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, ऑफिसच्या फ्रिजमध्ये ताकाच्या बाटलीमागे लपवलेला इंजेक्शनचा डबा. शेवटचं, बीजं पक्व करणारं ‘ट्रिगर’ इंजेक्शन घड्याळ लावून घ्यावं लागतं, कारण त्यानंतर साधारण ३५-३६ तासांनी बीजं काढतात. ती वेळ नेमकी मावसबहिणीच्या रिसेप्शनमध्ये आली. वर्धा रोडवरच्या लॉनच्या बाथरूममध्ये, साडीचा घोळ एका हातानं धरून, मी ते टोचून घेतलं. बाहेर आले तर आत्या विचारत होत्या, ‘आता तुझा नंबर कधी?’

ही हमी नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बोस्टनच्या ब्रिगॅम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये एक गणित मांडलं होतं. २० पक्व बीजं ३४व्या वर्षी काढलेली असतील तर किमान एक बाळ होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास, ३७व्या वर्षी ७५, ४२व्या वर्षी ३७. आणि एका खेपेत २० मिळतीलच असं नाही. हे आकडे मुलीला तिशीच्या आत कळले पाहिजेत आणि पुढचा निर्णय तिचा असला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच.

प्रतापनगरचे काका:
ती पोस्ट माझीच. बेटा, रागावू नकोस, पण आकडे तूच दिलेस. वय वाढलं की शक्यता घटते, हेच तर मी म्हणतोय! जे पंचविशीत निसर्ग फुकट देतो त्यासाठी लाखांवर खर्च करायचा, वर दरवर्षी ठेवायचं भाडं भरायचं. डायना हेडननं २०१६ मध्ये गोठवलेल्या बीजापासून मुलगी झाल्याचं सांगितलं आणि सगळ्यांना वाटायला लागलं की आपलंही होईल. ती मिस वर्ल्ड, आपण पगारदार माणसं. हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे.

काटोलचा संत्रेवाला:
काका, पंचविशीत पोरगी तयार आहे म्हणता, मंग आमाले काहून भेटून नाही राहिली? माह्या भावाचं वय ३४. पाच एकर संत्रा, पक्कं घर, बोअरले पाणी. पोरीचा बाप पहिलं विचारते, नागपुरात फ्लॅट आहे का? ज्याले त्याले नोकरीवालाच पाहिजे. उशीर काय फक्त पोरीच करून राहिल्या का?

प्रतापनगरचे काका:
हा विषय वेगळा आहे.

काटोलचा संत्रेवाला:
वेगळा कसा? लग्नच नाही झालं तर लेकरू कुठून येईन? आमच्या गावात तिशीपारचे बिनलग्नाचे पोट्टे मोजून दाखवतो, या एकदा.

गोरेवाडा_रेवती:
पाश्चात्त्यांचं खूळ? काका, ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात ‘दुर्गा’ ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती गोठवलेल्या गर्भापासून. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं काम ते. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून १९८६ मध्ये हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हा देशानं कौतुक केलं. आपल्या माणसानं आधी करून दाखवलेलं होतं, आपणच त्याला मारलं.

सून_नंबर_दोन:
तुम्ही सगळे बीजं, बीजं करताय. मी वेगळंच विचारते. या धाग्यावरच्या किती पुरुषांनी स्वतःची तपासणी केली आहे?

लग्नानंतर मूल होईना. माझ्या हार्मोनच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीचं ऑपरेशन, टेकडीच्या गणपतीला नवस, सासूबाईंच्या सांगण्यावरून उपास. कित्येक वर्षं. एकाही डॉक्टरनं नवऱ्याला आधी बोलावलं नाही, आणि बोलावलं तेव्हा तो गेला नाही. ‘माझ्यात काय प्रॉब्लेम असणार?’ शेवटी धंतोलीतल्या एका डॉक्टर बाईंनी मला खुर्चीवर बसू न देता सांगितलं, आधी त्यांचा रिपोर्ट आणा, मग या. डबीवर नाव घालून दिलं, दुसऱ्या दिवशी कागद हातात. शुक्राणू जवळपास नाहीतच. माझ्या पोटावर ऑपरेशनचे व्रण आहेत, त्याची तपासणी एका डबीत झाली असती.

खर्राप्रेमी:
ताई, तुमच्यासोबत वाईट झालं, पण सगळ्या पुरुषांना एका काठीनं हाकू नका. माझ्या आजोबांना सात लेकरं झाली, दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे.

सून_नंबर_दोन:
माझा नवराही खर्राच खातो. आणि आजोबांची साक्ष काढून तुमचा रिपोर्ट नॉर्मल येत नाही. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारणही असतं. मग बाईला आधी टेबलावर का झोपवता?

खर्राप्रेमी:
हे जरा जास्त होतंय. खर्ऱ्यावर का आल्या तुम्ही?

लॅबमधला:
वीर्यतपासणीच्या टेबलावर मी रोज बसतो, म्हणून बोलतो. तंबाखूनं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल, दोन्हीवर परिणाम होतो. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांचे रिपोर्ट तर शून्यावर आलेले पाहिलेत. शरीर फुगतं आणि आतलं उत्पादन बंद पडतं. चांगली गोष्ट अशी की शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे सवय सोडली तर पुढचा रिपोर्ट बरेचदा सुधारतो. एक रिपोर्ट खराब आला म्हणून घाबरायचं नाही, पुन्हा करायचा. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून.

आणि बायका रक्ताचा नमुना देताना मान वर करून बसतात. पुरुष मात्र तोंडाला रुमाल बांधून येतात आणि फॉर्मवर मित्राचा फोन नंबर लिहितात.

खर्राप्रेमी:
बरं बाबा, बरं. करतो तपासणी. आता तरी माझा पिच्छा सोडा.

तीन_लाखांची_गोष्ट:
मूळ विषयावर येते. मी छत्तिसाव्या वर्षी बीजं काढली, एका मोठ्या साखळीतल्या केंद्रात. नाव घेत नाही. ‘पॅकेज’ सांगितलं, औषधं त्यात नव्हती. भाडं त्यात नव्हतं. पुढे बीज वितळवून फलन करायचा आणि गर्भ सोडायचा खर्च तर बोललेच नाहीत. पीसीओएस (ओव्हरीचा हार्मोनचा त्रास) असूनही इंजेक्शनांनी ओव्हरी सुजण्याचा धोका कोणी समजावला नाही. पोटात पाणी झालं, श्वास लागायला लागला, भरती व्हावं लागलं. रक्तातलं एएमएच हे हार्मोन कमी आहे म्हणून घाबरवून लगेच सुरू करायला लावलेल्या मैत्रिणीही आहेत. एएमएच बीजांची साधारण संख्या दाखवतं, दर्जा नाही, आणि ते कमी आहे म्हणून नैसर्गिक गर्भ राहणारच नाही असंही नाही. मिहानवाली, तुमचं चांगलं झालं, पण तुमच्या पोस्टमुळे मुली धावत सुटतील.

मिहानवाली:
धावत सुटू नयेत म्हणूनच आकडे लिहिले. तुमच्यावर जे आलं ते भयंकर आहे आणि ते प्रत्येक मुलीला आधी सांगितलं गेलंच पाहिजे, हे मान्य. पण फसवणारं केंद्र आहे म्हणून उपचारच वाईट, हे मान्य नाही.

प्रतापनगरचे काका:
मला एक सांगा, लग्न न झालेल्या मुलीला हे कायद्यानं चालतं तरी का? आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पार, वर लाईट जाते. गोठवलेली बीजं ठेवायच्या टाकीत काय उरणार?

लॅबमधला:
चालतं. २०२१ चा एआरटी कायदा (टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांचा) २१ ते ५० वयाच्या बाईला सेवा द्यायची मुभा देतो, लग्नाची अट नाही. सरोगसी मात्र अविवाहित बाईला मिळत नाही, तिथे विधवा किंवा घटस्फोटित असावं लागतं. आणि टाकी विजेवर चालत नाही, काका. आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन असतो. तो हळूहळू उडतो, वेळेवर भरावा लागतो. लाईट जाऊन बीजं जात नाहीत, भरायला विसरलं तर जातात. म्हणून केंद्रात विचारा: पातळी रोज कोण बघतं, नोंद दाखवा, अलार्म आहे का.

तीन_लाखांची_गोष्ट:
आणि हेही विचारा की गोठवलेल्यांपैकी किती जणी परत आल्या आणि किती जणींना बाळ झालं. आमच्याकडे हा प्रश्न विचारल्यावर बाईंनी कॉफी मागवली.

प्रतापनगरचे काका:
लग्न वेळेत व्हावं, हे माझं मत काही बदललेलं नाही. पण सून_नंबर_दोन यांचं वाचून रात्रभर झोप लागली नाही. माझ्या सुनेच्या तपासण्या आता सुरू होणार होत्या. मुलाला सांगितलं, आधी तू जा. तो चिडला. जाईल.

सून_नंबर_दोन:
‘जाईल’ नको, काका. तुम्ही सोबत जा. सुनेला बाहेर बाकावर बसवू नका.

काटोलचा संत्रेवाला:
अन माह्या भावासाठी कोणी पोरगी पाहून राहिलं का? खरंच विचारून राहिलो. खर्रा नाही खात तो.