मदत हवी आहे: टीएचएफमध्ये मिठाची कंडक्टिव्हिटी उलटी का वागतेय?

नमस्कार मंडळी, मी रबाळे एमआयडीसीत एका लॅबमध्ये आहे, सहा महिने झाले लागून. टेट्राब्यूटिल अमोनियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट हे मीठ टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहण्याची क्षमता, मोजायचं काम दिलंय, ०.१ मोलरपासून पातळ करत करत ०.०००१ पर्यंत. कॉलेजात शिकलो होतो की द्रावण पातळ केलं की मोलर कंडक्टिव्हिटी (दर मोल मिठामागची कंडक्टिव्हिटी) वाढत जाते, बस्स. इथे ०.१ वरून पातळ करायला घेतलं तर आधी ती चक्क कमी होते, ०.०२ च्या आसपास तळाला जाते आणि मग वर चढायला लागते. तीनदा केलं, तीनदा तेच. सीनियर म्हणतात मोजायचा सेल घाण असेल, परत धू. धुतला हो! काल शेवटी ठाण्याला परतताना गाडीत वहीवर ग्राफ काढत बसलो, शेजारच्या काकांनी विचारलं शेअर बाजार का.

माझं चुकतंय की खरंच असं होतं?

खाडीकाठचा: टीएचएफ कधी सुकवलं होतं? पावसात आपल्याकडे बाटली उघडी राहिली की संपलं, पाणी ओढून घेतं ते. आधी कार्ल फिशर (पाणी किती आहे ते मोजायची टेस्ट) करा, मग बोलू.

धागाकर्ता: केलं सर, आत्ताच्या बाटलीत ४० पीपीएम (दहा लाखात ४० भाग) पाणी आलं. आणि नुसत्या टीएचएफचं रीडिंग वजा करूनच आकडे घेतलेत.

जुनी_बाटली: मग सेलला शिव्या देऊ नका. हा तळ १९३३ सालापासून माहीत आहे. फ्युऑस आणि क्राउस या केमिस्टांनी डायऑक्सेन-पाण्याच्या मिश्रणात असंच एक अमोनियम मीठ घेऊन मोजलं होतं, डायऑक्सेन वाढवत गेले तसा तो तळ आणखी पातळ द्रावणाकडे सरकत गेला.

आता का होतं ते. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट म्हणजे सॉल्व्हंट आयनांमधली ओढ किती पटीने कमी करतो तो आकडा; पाण्याचा ७८, टीएचएफचा साडेसात. दोन विरुद्ध आयनांची ओढ आणि उष्णतेची धडपड बरोबरीत येते ते अंतर पाण्यात ०.७ नॅनोमीटर, टीएचएफमध्ये साधारण साडेसात नॅनोमीटर. म्हणजे टीएचएफमध्ये आयन लांबूनच एकमेकांना पकडतात आणि जोडी जमते. जोडीवर एकूण चार्ज शून्य, त्यामुळे ती करंट वाहत नाही. पातळ केलं की जोड्या फुटतात, मोलर कंडक्टिव्हिटी वाढते, ही तुमच्या ग्राफची डावी, पातळ बाजू.

उजवीकडे, जास्त कॉन्सन्ट्रेशनला, गर्दी झाली की त्या जोडीला तिसरा आयन येऊन चिकटतो, प्लस-मायनस-प्लस किंवा उलट. त्याला ट्रिपल आयन म्हणतात. याच्यावर चार्ज आहे, म्हणून हा करंट वाहतो. जोडीला जोडी चिकटली तर मात्र परत शून्य. लिथियमसारखा छोटा आयन असेल तर हे असे न्यूट्रल गठ्ठे जास्त होतात, तुमचा ब्यूटिलवाला चांगला जाडजूड आहे, तो जरा सैल बसतो.

धागाकर्ता: बाप रे, हे कुणी सांगितलंच नव्हतं! पण ट्रिपल आयनच आहेत हे सिद्ध कसं करू? सीनियरना नुसतं बोलून पटणार नाही.

जुनी_बाटली: मोलर कंडक्टिव्हिटीला कॉन्सन्ट्रेशनच्या वर्गमुळाने गुणा आणि ते कॉन्सन्ट्रेशनसमोर प्लॉट करा. जोड्या आणि ट्रिपल आयन एवढंच चाललं असेल तर सरळ रेषा येते.

खाडीकाठचा: सरळ रेषा आली म्हणून सिद्ध झालं असं नाही हां. ०.०२ मोलरला सगळे आयन सारखे पसरवले तर शेजारी साडेतीन नॅनोमीटरवर येतो, म्हणजे वरच्या साडेसात नॅनोमीटरच्या आतच. मग कोण कुणाच्या जोडीत हे ठरवणार कसं? शिवाय जोड्या स्वतः डायपोल (एक टोक प्लस, एक मायनस) असतात, त्या वाढल्या की द्रावणाचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटच वर जातो आणि काही जोड्या त्यामुळेही सुटतात. तळ त्यानेही येऊ शकतो.

जुनी_बाटली: मान्य. म्हणूनच रिपोर्टमध्ये "ट्रिपल आयन मॉडेलशी जुळतं" एवढंच लिहा.

धागाकर्ता: प्लॉट केला. ०.०३ पर्यंत मस्त सरळ, पुढे वर वाकतोय 😐

खाडीकाठचा: बघा, म्हटलं ना. वाकलेले पॉइंट फिटमध्ये घेऊ नका, पण ग्राफवरून खोडूही नका. आणि तेच मीठ अ‍ॅसिटोनायट्राइल या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये एकदा मोजा, तिथे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३६ च्या आसपास आहे, तळ दिसायला नको. दिसला तर मग सेल धुवा.

धागाकर्ता: सोमवारी लावतो. अ‍ॅसिटोनायट्राइलची बाटली सीनियरच्या कपाटात आहे, ती मागायचीच जरा भीती वाटतेय.