मदत हवी आहे: पत्रकात ‘देशव्यापी संप’ लिहावं का?

मंडळी, उद्या सकाळी मजकूर छापखान्यात द्यायचाय आणि गाडी एका शब्दावर अडलीय.

बायको अंगणवाडी सेविका आहे, परभणी जिल्ह्यात. अक्षर बरं म्हणून त्यांच्या संपाचं पत्रक माझ्या गळ्यात पडलं. मथळा दिला : ‘सेविका व मदतनिसांचा देशव्यापी संप’. शेजारी मराठीचे निवृत्त गुरुजी राहतात. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “देशव्यापी म्हणजे देश व्यापणारा. सगळी राज्यं उतरायलीत का संपात? नसतील तर खोटं कशाला छापायलात?” २५ मार्च २०२० पासूनची टाळेबंदी देशव्यापी होती, हे त्यांचं उदाहरण. पटलं, तेव्हा आमच्या गल्लीतली पिठाची गिरणीसुद्धा बंद होती.

मग ‘अखिल भारतीय संप’ करू का? पण हे मला संघटनेच्या नावासारखं वाटतं. २०२२ ला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला झालं. भरलं एकाच गावात, तरी अखिल भारतीयच. म्हणजे तो शब्द कुठवर पसरलं ते सांगत नाही, कुणाचं ते सांगतो. बरोबर ना? आई तर म्हणते, “मुलुखभर बंद हाय म्हण की सरळ.”

राज्यं किती उतरतील हे आज कुणालाच माहीत नाही. काय लिहू?

प्रतिसाद : गुरुजींचा अर्थ बरोबर, पण संपाआधी तुम्ही सांगताय ती हाक. ‘देशव्यापी संपाची हाक’ लिहा, खोटं काहीच उरत नाही. संप झाल्यावरच्या बातमीत मात्र राज्यांची नावं द्या. आणखी एक, ‘देशव्यापी’ हे विशेषण आहे. ‘देशव्यापी काम बंद राहील’ नको, तिथं ‘देशभर काम बंद राहील’. गावभर, दिवसभर म्हणतो तसं. ‘देशव्यापी पातळीवर’ असंही लिहितात लोक. नुसतं ‘देशपातळीवर’ पुरतं.

धागाकर्ता : आभार! ‘हाक’ टाकली, गुरुजींनीही मान डोलावली. खालच्या ओळीत ‘देशभर’ केलं. आता बॅनरवाल्याकडे पळतो, त्यानं ‘देशव्यापि’ असा ऱ्हस्व ‘पि’ काढून ठेवलाय.